चौथं स्टूल

बस अर्चना. इल्फर्डहून एवढ्या लांब तुला तडकाफडकी का बोलावलं ते सांगते. जरा हळू बोलते, तनिषा वर तिच्या खोलीत आहे.

नोव्हेंबरातली गोष्ट. मी तनिषाच्याच शाळेत मदतनीस आहे, ते तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो होते. शाळा सोडताना काढतात ना, घरोघरी फ्रेम करून लावतात ते. माझं काम रांग लावायचं आणि कुणाची कॉलर सरळ करायचं. हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास भरला होता आणि मिनिटामिनिटाला फ्लॅश उडत होता.

तनिषाचा एकटीचा फोटो झाला. मग ती, एमिली आणि झैनब अशा तिघी मैत्रिणी एकत्र बसल्या. तनिषा मधे. तिघांचा फोटो काढू नये, मधलं माणूस जातं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. वीस वर्षं साउथहॅम्प्टनमध्ये काढली म्हणून काय झालं? ताटात तीन पोळ्या वाढायची वेळ आली की आई चौथीचा तुकडा मोडून ठेवायची. तसं मी एक रिकामं स्टूल ओढून तनिषा आणि झैनबच्या मधे ठेवलं.

"मम, प्लीज, सो एम्बॅरसिंग," तनिषा पुटपुटली.

फोटोग्राफर बाई, लिझ, समजूतदार होती. फक्त म्हणाली की फोटोखाली नावं छापून येतात, त्यामुळे कॉम्प्युटर प्रत्येक जागेला एक नाव मागतो. कुठलंही सांग, चालेल. मी टेडी म्हणायला हवं होतं, काहीही म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "वीर."

तनिषाच्या आधीचा माझा मुलगा आठव्या महिन्यात पोटातच गेला, हे तुला माहीत आहे. त्याचं नाव मी मनात ठरवलं होतं, ते मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या बापाला, संजयलाही नाही. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

फोटो झाल्यावर तनिषा दंड चोळत आली. "मम, झैनबने मला पुश केलं का? कोणीतरी सारखं सरकवत होतं." झैनब स्टुलाच्या पलीकडे होती. तिचा हात पोचलाच नसता.

चार दिवसांनी ईमेलवर नमुने आले. चार फोटो. पहिल्यात ते स्टूल रिकामं. दुसऱ्यात तनिषा जरा बाजूला सरकलेली. तिसऱ्यात ती आपल्या जागेच्या कडेला कशीबशी टेकलेली, चेहरा फिकट. चौथ्यात ती नव्हतीच. तिची जागा रिकामी, आणि जास्तीच्या स्टुलावर... चेहरा नव्हता गं. संजयची जिवणी होती. फक्त जिवणी.

त्या दिवसापासून पोर सुकायला लागली. हात गार, वजन उतरतंय, आणि डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. एकदा पहाटे रडत आमच्या खोलीत आली. "मम... माझ्या बेडवर मला जागाच उरत नाही."

सकाळी मी लिझला फोन लावला. ते नाव काढून टाक म्हणून गयावया केली. ती म्हणाली, नाव काढलं की त्या जागेवरचं सगळंच पुसलं जातं, परत आणता येत नाही, नक्की ना? मी फोन कानाला धरून घरभर हिंडले. एकदा पुरलं होतं त्याला, अर्चना. आता पुन्हा माझ्याच तोंडाने तेच सांगायचं होतं. पण वर माझी जिवंत पोर थरथरत होती. मी म्हटलं, "डिलीट."

दुसऱ्या दिवशी तनिषा गुलाबी गालांनी खाली आली. तीन टोस्ट खाल्ले. मी देवासमोर बसून पोटभर रडले.

गेल्या शनिवारी छापलेला फोटो आला. तिघी जणी, तनिषा मधे, छान हसतेय. जास्तीचं स्टूल नाही. खाली नावं होती. एमिली, वीर, झैनब.

मी दारातच उभी होते. जिन्यावर पावलं वाजली. तनिषा मधल्या पायरीवर थांबली. मी किती मागे लागले, तरी तिने मला जन्मात कधी आई म्हटलं नाही, तू साक्षीला आहेस.

"आई..." ती म्हणाली. "मला पुसायला सांगितलंस तू?"

तेव्हापासून ती नीट जेवते, शाळेत जाते. संजयला काहीच वेगळं वाटत नाही. तो म्हणतो, मुलगी आई म्हणायला लागली तर तुला आनंद व्हायला हवा. फोटो मी त्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. ही घे किल्ली. मला धीर होत नाही, तू उघड. मी तनिषा म्हणून हाक मारली, की जिन्यावरून लगेच "आई" येतं. आणि मग त्या ड्रॉवरमधून... अगदी बारीक... "मम."