गळ्यापाशी थांबलेला फोटो

टोकावड्यात पहिलं इंटरनेट आलं ते लहानीबाईच्या घरी, आणि दिवसातून चारदा ते तोडायचीही लहानीबाईच. फोनची लाइन एकच. हिनं रिसीव्हर उचलला की आत लेकाचं, साईनाथचं, नेट पडलंच. तो बोंबलायचा, "आये, माझा फोटो गेला!" ही म्हणायची, "जाऊंदे. जेवाया ये." आणि फोटो तरी कसला! कपाळापासून एकेक रेघ खाली उतरायचा. हनुवटी दिसेपर्यंत चुलीवरचा भात शिजायचा.

त्याला पंचवीस वर्षं झाली. यंदा साईनाथनं तो कंप्युटर आणि मोडेम माळ्यावरून काढला. मुरबाडच्या कॉलेजातल्या पोरांसाठी जुन्या गमतींचा व्हिडिओ करायचा होता. लाइन कधीच कापलेली. उरलेल्या वायरची लहानीबाईनं कपडे वाळत घालायची दोरी केली होती.

दुपारी ती बिरडं सोलत बसली होती. मोडेम किरकिरला, शिट्या घालून गप्प झाला.

"लागलं बघ, आये!"

"कशाला लागलं? वायर तर अंगणात माझ्या वाळत्या लुगड्याखाली हाय."

साईनाथ पुढं वाकला. स्क्रीनवर फोटो उतरत होता. केस. कपाळ. डाव्या भुवईवरचा व्रण. साईनाथचाच.

डोळे उतरले, तशी खुर्चीतल्या साईनाथची पापणी लवायची थांबली.

"साईनाथ?"

"आये, मला..."

ओठ उतरले. बोलणं तिथंच तुटलं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. माठासारखं गार.

 पण लहानीबाई हातपाय गाळणारी बाई नव्हे.

"बापामागं एकटीनं वाढवलाय त्याला! तुमच्या घशात घालाया नाय!" ती स्क्रीनवर कडाडली, आणि कोनाड्यातला मेलेला रिसीव्हर उचलला.

फोटो गळ्यापाशी थांबला.

साईनाथनं डोळे मिटले, उघडले. "आये, पाणी दे गो."

तिला रडूच फुटलं. एका हातानं तिनं तांब्या पुढं केला, दुसऱ्यानं रिसीव्हर ठेवायला गेली.

रिसीव्हरमधून हळू आवाज आला.

"आये, ठेवू नको. मी इकडं हाय. तुझ्याजवळ बसलाय तो कोण?"

खुर्चीतला साईनाथ उठला. हसून त्यानं हात पुढं केला. "दे, मी ठेवतो."

"हात तर लावून बघ," लहानीबाई म्हणाली.

आज चौथा दिवस. रिसीव्हर तिनं पदरानं कानाशी बांधलाय. तो समोरच बसून आहे. मागितलेलं पाणी तांब्यात तसंच आहे.