एकाच पुस्तकात संपणारी गोष्ट

मूल गाव सोडून बस पोंभुर्ण्याच्या रस्त्याला लागली, जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं आणि एका वळणावर इंजिनाने घरघर करून जीव सोडला.

"खाली उतरू नोका कोणी," कंडक्टर म्हणाला. "इथी पिल्लंवाली वाघीण फिरून राह्यली. दुसरी गाडी येतपर्यंत बसून ऱ्हा."

नूतनने खिडकीची काच ओढून घेतली. तशी धास्ती तिला सकाळपासून होतीच. शाळेत विज्ञान शिकवून उरलेल्या वेळात तिने एक भलीमोठी अद्भुत कादंबरी लिहिली होती, आणि नागपूरच्या प्रकाशकाला ती आवडलीही होती. पण... त्याला तिचे तीन भाग हवे होते. "पहिला भाग ऐन रंगात तोडा, मॅडम. वाचक तडफडला पाहिजे." होकार लवकर कळवायचा होता, आणि तिच्या तोंडून ना हो निघत होतं, ना नाही.

धप्प! शेजारच्या तरुणाने एक जाडजूड पुस्तक मिटलं.

"संपलं?" तिने सहज विचारलं.

"संपलं कुठी! राजपुत्र कड्याले लटकून आहे आणि खाली लिहिलंय, पुढील भाग लवकरच. वर्षं झाली या लवकरचले. त्याच्या हाताले मुंग्या आल्या असतील आता."

ती खुदकन हसली. त्याने वळून पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, डोळ्यांत खट्याळ चमक. प्रफुल त्याचं नाव. गुरांच्या दवाखान्यात होता, गावोगाव फिरून जनावरांना लस टोचायचा.

"मग कशी हवी तुम्हाला गोष्ट?" आवाज मुद्दाम हलका ठेवला तिने.

"मोठी पाह्यजे. राज्य, जंगल, लढाया, सगळं! पण एकाच पुस्तकात. जो निघाला तो कुठीतरी पोचला पाह्यजे... आणि फुकट नाई, काहीतरी गमावून. अन् पुस्तक मिटल्यावर वाटलं पाह्यजे, की मी पाहून नाई राह्यलो तरी तिथले लोक आपापल्या कामाले लागून आहेत."

"एवढं सगळं एका पुस्तकात?"

"एका ताटात भात, वरण, भाजी वाढतेच ना माणूस? भात आज अन् वरण पुढच्या वर्षी, असं कोणी करते का?"

बाहेर बांबूच्या बेटात काहीतरी खसफसलं. सगळी बस गप्प झाली. त्या शांततेत, प्रकाशक सोडून कोणालाही न सांगितलेली गोष्ट नूतनच्या तोंडून निसटली. "मी... लिहिली आहे एक."

कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने मोबाइल पुढे केला.

"पाठवा."

त्यानंतरच्या संध्याकाळी वेगळ्याच झाल्या. पोंभुर्ण्याच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर तो यायचा, शेणामातीने भरलेले बूट झटकायचा आणि थेट भांडायलाच लागायचा.

"हत्तीले काऊन मारलं तुमी? जेवण गेलं नाई मले."

"लढाईत मरतात हत्ती."

"मारा ना तो सेनापती! हत्तीनं काय केलं होतं?"

ती हसून चहाचा ग्लास त्याच्यापुढे सरकवायची. बोटांना बोटं लागायची, आणि मग दोघंही उगाच रस्त्याकडे बघत बसायची. कितीतरी वेळ...

प्रकाशकाच्या तीन भागांचं तिने त्याला सांगून टाकलं होतं, पण तिची धाकधूक कमी झाली नव्हती. उलट वाढली. आता ती कादंबरी एकट्या तिची उरली नव्हती ना! शेवटाला त्याने तोंड वाकडं केलं तर? आणि त्याहून मोठी भीती, जी ती स्वतःशीही धड बोलत नव्हती... पुस्तक संपल्यावर हा टपरीवर येईल कशाला?

मग त्याची पार तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला बदली झाली.

निघताना बसच्या पायरीवर तो घुटमळला. "शेवट राह्यलाय. तिथी वाचतो निवांत. आणि वाचून झालं की... एक गोष्ट बोलायची आहे तुमच्याशी."

"कोणती?"

"आधी शेवट," तो म्हणाला, आणि बस हलली.

सुरुवातीला रोज फोन आले. पुढे पावसाने झोड उठवली, प्राणहिता नदी फुगली, आलापल्लीपासून पुढचा रस्ता बंद झाल्याचं लोक सांगू लागले. आणि प्रफुलचा फोन लागेनासा झाला.

नूतन दिवसातून कितीदा तरी त्याचा नंबर लावून बघायची. फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबायचा. पुराच्या पाण्यात गुरं सोडवायला गेला असेल का तो? बरा असेल ना? आणि लगेच दुसरा विचार टोचायचा. की शेवट वाचला, पटला नाही, आणि तोंडावर सांगवत नाहीये? अशा वेळी आपण पुस्तकाची काळजी करतो, म्हणून स्वतःचाच राग यायचा. मधूनच प्रकाशकाचा फोन वाजायचा. तो ती उचलत नसे.

रस्ता सुरू झाल्याचं कळलं तशी तिने रजा टाकली. घरी ब्रह्मपुरीला आईला फोनवर एवढंच सांगितलं, "सिरोंच्याला जाऊन येते. ओळखीचं माणूस आहे, खबर नाही त्याची." आई म्हणाली, "सांभाळून जा. आणि भेटलं की फोन कर मले."

बस चिखलातून आचके देत निघाली. प्रत्येक नाल्यावर नूतन खिडकीचा गज घट्ट धरत होती.

दवाखान्याच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली तो दिसला. दाढी वाढलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, मांडीवर एक आजारी करडू. शेजारी करडाची मालकीण, एक म्हातारी अम्मा.

तो उठायला गेला आणि करडामुळे परत खाली बसला. "तुमी? इथी?"

"फोन का नाही लागत तुमचा?" ती जवळजवळ ओरडलीच.

"वाहून गेला. म्हशी सोडवताना. मले वाटलं, तुमाले कसं कळवावं... नंबर बी त्याच्यातच होता." तो ओशाळून बघू लागला. "अन् शेवट बी. वाचायचा राहूनच गेला."

शेवटाला वाकडं होईल म्हणून एवढे दिवस ज्या तोंडाची तिला धास्ती होती, ते तोंड आता समोरच होतं. ती पाय दुमडून गोणपाटावर बसली.

"मग ऐका," ती म्हणाली.

तिने सांगायला सुरुवात केली. मरायचं नाही म्हणून एका राजाने साऱ्या झाडांच्या सावल्या चोरून किल्ल्यात कोंडल्या. रान करपलं. नावाड्याची पोर रेवणी त्या सोडवायला निघाली. एवढं तर प्रफुलने वाचलेलं होतं, पण अम्मासाठी तिने पुन्हा सांगितलं. रेवणी किल्ल्याच्या दारात पोचली. दार उघडलं...

नूतन थांबली. प्रकाशकाला इथेच तोडायचं होतं.

प्रफुल श्वास धरून बसला होता. अम्माने तिचा गुडघा हलवला. "तर्वात?" तिने तेलुगूत विचारलं, मग मराठीत, "फुडं? फुडं काय?"

"सावल्या सुटल्या," नूतन सावकाश म्हणाली. "पण बदल्यात रेवणीला स्वतःची सावली तिथे ठेवावी लागली. कायमची. ती तशीच गावी परतली. लोक घाबरले. बिनसावलीची बाई! दारं लावून घेतली त्यांनी. तेव्हा तिच्या आईने तिचा हात धरला आणि अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवलं. झाड हिरवं झालं होतं, गार सावली पडली होती. आई लोकांना म्हणाली, या, बसा इथे आणि सांगा, यातली तुमची सावली कोणती? आणि कोणालाच सांगता येईना."

शेडवर पावसाचे चुकार थेंब टपटपत होते. अम्माने पदराने डोळे पुसले.

प्रफुलने करडाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पोचली ती."

बास. तेवढंच. नूतनला रडूही आलं आणि हसूही. "एकच पुस्तक करायचं," ती म्हणाली. "आज कळवते प्रकाशकांना."

"नाई म्हणाले तर?"

"म्हणतीलही... भीती वाटतेच आहे मला. पण तोडायची नाही." तिने ओठ चावला. "आणि तुम्हाला काय बोलायचं होतं?"

त्याची नजर खाली गेली. करडू, बूट, चिखल, सगळं बघून झालं त्याचं. "इथी... असं? आंघोळ बी नाई झाली माही."

"चालेल."

"मी पूर येण्याआधी घोकून ठेवलं होतं सगळं. आता आठवत नाई एक शब्द."

"मग राहू दे. मी बोलते." ती गोणपाटावरून थोडी पुढे सरकली. "मला तू आवडतोस, प्रफुल. फोन लागत नव्हता ना, तेव्हा पुस्तकबिस्तक सगळं गेलं उडत... तू तेवढा हवा होतास."

त्याने करडू एका हाताने सांभाळलं. मग चिखलाचा हात पँटीला पुसला, पुन्हा पुसला आणि हळूच तिच्या हातावर ठेवला.

"मले बी," तो म्हणाला. "त्या बसमंदीच... तू हसली ना, तवापासून."

अम्माने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, करडू त्याच्या मांडीवरून उचललं आणि पलीकडे जाऊन बसली.