बायकांचा जिना

कूलरमधलं पाणी संपलं आणि मोटर कोरडीच खडखडायला लागली. इतका वेळ घर कसं चिडीचूप होतं! मी पेन टाकून धावले, बटण बंद केलं... जुईलीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. पलीकडच्या खोलीत अण्णांचं घोरणं क्षणभर अडखळलं, मग सुरू झालं. वाचले! दुपारचा हा एवढाच वेळ माझा असतो. टाकीत बादली ओतता ओतता मी ठरवलं, आज लिहायचंच. लपून नाही, फक्त आवाज न करता.

त्या दिवशीही असंच रणरणतं ऊन होतं. अमरावतीत आमच्या पेठेतलं वाचनालय म्हणजे खाली काळा दगड, वर लाकडी मजला आणि खिडक्यांना लाल-हिरव्या काचा. उन्हं कलली की वरच्या लाकडी जमिनीवर रंगांचा सडा पडतो. समोर रुंद व्हरांडा, तिथे उतरत्या फळ्यांवर लावलेले पेपर, आणि उभ्याउभ्या ते वाचणारी मंडळी. महिला विभाग वर. त्याला मागून वेगळा जिना, अरुंद आणि काळोखा. बायकांनी तिथूनच यावं हा नियम माझ्या जन्माआधीच उठला म्हणे. पण पेठेतली एकही बाई अजून पुढच्या जिन्याने चढत नाही. मीही चढले नव्हते. आधी आईचं बोट धरून, मग जुईलीला कडेवर घेऊन, कायम मागूनच.

त्या दुपारी हातात पुस्तकांचा गठ्ठा होता. मी सवयीने उतरत होते, आणि—

"अरे अरे... बाई! हात आहे तो माहा!"

माझा पाय वरच्या वर थांबला. खाली काळोखात कुणीतरी पायरीवर आडवं झालेलं होतं.

"हात इथे कशाला ठेवलात?"

"जिना मोजून राहिलो."

"मोजून राहिलात की लोळून राहिलात?"

"अंधार किती आहे! लोळल्याशिवाय दिसते का इथं?" तो हसला. आधी दात दिसले, मग चष्मा. "बरं झालं आल्या. एक टोक धरता का जरा?"

आणि अनोळखी माणसाने पुढे केलेलं मोजायच्या टेपचं टोक मी... मुकाट धरलं! अजूनही मला त्याचं नवल वाटतं.

त्याचं नाव संघपाल. अकोल्याचा, तिथल्याच कॉलेजात घरं कशी बांधायची ते शिकवणारा. सुटीच्या दिवशी वऱ्हाडातली वाचनालयं मोजायची आणि कागदावर उतरवायची, हा त्याचा छंद. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारत नाही.

"इमारत पाडली की लोक रडतात," तो म्हणाला. "मी आधीच काढून ठेवतो. बाई, एक गंमत सांगू?"

"सांगा."

"पुढच्या जिन्याची पायरी सहा इंच उंच. ह्या जिन्याची नऊ! माणसं रिकाम्या हातानं येत, त्यायले सहा. बाया लुगडं सावरत, कडेवर लेकरू घेऊन येत... त्यायले नऊ. काहून?"

मी भिंतीला टेकले. काहून? खरंच, का म्हणून? इतकी वर्षं चढत होते. माझ्या गुडघ्यांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

"तुमी कधी पुढून उतरल्या?"

"नाही."

"काहून?"

"तुमच्या प्रत्येक वाक्यात काहून असतंच का?"

"उत्तर भेटलं का बंद करतो."

मला राग आला. त्याचा, जिन्याचा, माझा स्वतःचाही. मी तशीच वळले, परत वर चढले, रंगीत उजेडातून चालत गेले आणि पुढच्या जिन्याने उतरले. किती सोपा होता तो! पाय आपोआप पडत होते. व्हरांड्यातली डोकी पेपरांवरून वर झाली. शिपाई नत्थुजी स्टुलावरून उठलेच.

"ताई, तुमचा जिना मागं आहे ना!"

"ठाऊक आहे, नत्थुजी. उंच पडतो मला तो."

माझ्या मागे, वरच्या पायरीवरून, कुणीतरी हळूच म्हणालं, "वाहवा..."

संध्याकाळी ही बातमी घरी पोचली. पोचणारच, कारण वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे माझे वडील, हरिहर वकील. माझा घटस्फोट होऊन बराच काळ झालाय. पेठेत मात्र अजून "अनुपमा माहेरी आलीये" असंच म्हणतात, जशी काही मी दिवाळीला आलेय. त्या रात्री जेवताना अण्णा एवढंच म्हणाले, "पायरी लागली नाही ना कुठे?" मी म्हटलं, "नाही. सहाच इंच आहे."

मग रविवार सुरू झाले.

"धामणगावला चाललो," फोनवर त्याचा आवाज. "टोक धराले माणूस नाही."

"विद्यार्थी आहेत ना इतके?"

"ते मोबाइल धरतात. टोक नाही."

"आणि मला काय मिळणार?"

"गरम आलुबोंडा. लेकरालेबी एक."

धामणगावचं वाचनालय एका जुन्या कापसाच्या गोदामात आहे. जाड भिंती, आणि उजेड फक्त वरच्या झरोक्यांतून. ऊन फरशीवरून सरकतं, तशा वाचणाऱ्यांच्या खुर्च्याही सरकतात... कुणी कुणाला सांगत नाही, सगळे आपले उजेडामागे. जुईलीनेही आपली खुर्ची ओढत ओढत अख्खं गोदाम पालथं घातलं. मी एका भिंतीशी, तो दुसऱ्या, मध्ये ताणलेली पिवळी टेप. मी टोक सोडलं. सर्रकन टेप गुंडाळत त्याच्या मुठीत गेली.

"सुटलं का?"

"हो ना, सुटलं," मी म्हटलं. तो टोक द्यायला पार माझ्यापर्यंत चालत आला. पुढच्या भिंतीला ते पुन्हा सुटलं. तिसऱ्या भिंतीला तो आधीच माझ्या बाजूला येऊन उभा होता.

दिवाळीनंतर शेंदूरजनाघाट. तिथे खाली संत्र्यांची खरेदी-विक्री आणि वर वाचनालय. पेट्यांच्याच फळ्या ठोकून केलेली मांडणी, आणि प्रत्येक पानाला संत्र्याचा वास. त्याने एक जाडजूड पुस्तक नाकाशी नेलं.

"हे वाचाचं का सोलाचं?"

मी इतकी हसले की ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले. हसता हसता आमची नजर भेटली... आणि त्याने पुस्तक उलटंच मांडणीत ठेवलं. जुईली तेवढी म्हणाली, "सोलायचं!"

गावात दिसलोच कुणालातरी. एका संध्याकाळी अण्णांनी मला समोर बसवलं.

"मुलगा हुशार आहे. नाही म्हणत नाही मी. पण अनु, आपल्याला पेठेत राहायचंय. त्यांच्यात आणि आपल्यात..."

ते थांबले. जन्मभर कोर्टात ठणकावून बोललेला माणूस!

"पूर्ण करा ना वाक्य, अण्णा. काय आहे त्यांच्यात आणि आपल्यात?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय. म्हणूनच तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी दुसरी बाजू काढली. "जुईलीचा विचार केलास?"

"तिचाच करतेय. तोंड लपवून जगणारी आई तिला नको."

"लोक काय—"

"मागच्या वेळी लोकांना पसंत होतं ना सगळं? तुम्हालाही होतं. तुम्ही बैठकीत 'हो' म्हणालात, तेव्हा मी आत पोह्यांवर खोबरं पेरत होते. या वेळी 'हो' मी म्हणणार, नाहीतर 'नाही' म्हणणार. पण मीच."

"मी येणार नाही तिकडे," अण्णा म्हणाले.

"अजून बोलावलेलं नाही कुणी," मी म्हटलं.

आणि मागच्या रविवारी अकोला. त्याच्या वस्तीत, बुद्धविहाराला लागून एक वाचनालय आहे. वस्तीनेच बांधलेलं, ज्याला जसं जमलं तसं. म्हणून भिंतीत चार तऱ्हेच्या विटा. खिडक्या चार, चारही वेगळ्या. एक तर बंद पडलेल्या सिनेमागृहाची. वर पत्रा. आत टेबलांवर वाकलेली मुलंमुली, परीक्षेच्या तयारीत. दारात त्याची आई, तानुबाई.

"हे कोण रे?"

"माय, हे टोक धरते."

म्हातारीने मला आणि जुईलीला नीट न्याहाळलं. "लय उन्हाच्या आल्या लेकरं. पाणी घ्या आधी."

तो मात्र टेप हातात घेऊन नुसताच उभा.

"काय झालं?"

"साऱ्या इमारती मोजल्या, ही नाही मोजली कधी. इथंच वाचलो, इथंच झोपलो... हात चालत नाही माहा."

मी त्याच्या हातातून टेप घेतली. "आज तू टोक धर. मोजते मी."

एकही कोपरा सरळ नव्हता. मी आकडे सांगत गेले, तो एका हाताने लिहीत गेला. शेवटच्या, सिनेमावाल्या खिडकीशी तो थांबला. टेप आमच्यामध्ये ताणलेली.

"अनुपमा... तुमी... म्हणजे तू... लगन करशीन माह्याशी?"

"काहून?"

तो दचकला. मग हसला, चष्म्याआडून, डोळे भरून. "मले तू आवडते म्हणून. अजून काय सांगू?"

"हो," मी म्हटलं.

"हळू बोल, पोरं आयकतात."

"ऐकू देत! हो! हो म्हटलं!"

टेबलांवरची सगळी डोकी वर झाली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. तानुबाईने पदर तोंडाला लावला. खिडकीत बसून पाय हलवणारी जुईली टाळ्या थांबेपर्यंत माझ्याकडे बघत होती. मग तिने माझी ओढणी ओढली.

"आई, पप्पांनापण असंच मोठ्याने 'हो' म्हणाली होतीस का गं?"