न प्यालेलं दूध

"सुंदररावांनीच माझी चिन्नी मारली," त्रिविक्रम बसायच्या आधीच म्हणाला. "मांजरीला दुधांत विष घातले. गल्लींत सगळ्यांपुढं सांगितलों मीं. घरमालक त्यांना आज घर सोडा म्हणतोय. पुरावा तेवढा द्या, आक्का."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! खासगी तपास करणाऱ्या वाणीबाई उठल्या. मागोमाग मदतनीस हरिप्रसाद. जो शेवटचा भेटेल त्याचंच हरिप्रसादला पटतं.

त्रिविक्रमाच्या शेजारच्या घरात म्हातारे सुंदरराव सामान बांधत होते. "रोज संध्याकाळीं दूध देतों तिला. त्या दिवशीं तोंड लावली नाहीं. मग माझा बोका प्याला."

बोका खिडकीत मजेत मिशा चाटत होता.

"बिचारे!" हरिप्रसाद म्हणाला.

त्रिविक्रमाची बायको कामाक्षी रडत होती. "ती गेली त्याच्या आदल्या दिवशीं स्वामीमलैला दर्शनाला गेलों. दुसऱ्या दिवशीं पापनाशमला लग्न. चिन्नी परसांत, घर बंद. रात्रीं आलों तर ओकून पडलेली. डॉक्टर म्हणाले, विषानं काळीज थांबलं."

परसात मांजरीची पाण्याची वाटी कोरडी होती. शेजारी पितळी घंगाळात फुलं भिजत होती.

"निर्माल्य," कामाक्षी म्हणाली. "पायांखाली येऊं नये म्हणून पाण्यांत ठेवतों. आमच्या विठ्ठलाला तुळसच. चिन्नी कधीं त्यांतलं पाणी प्यायची, कांहीं होत नव्हतं."

तुळशीच्या पानांत एका हाराच्या लाल पाकळ्या तरंगत होत्या. वाणीबाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"दुधात विष असतं तर बोका जगला नसता. चिन्नी ते प्यालीच नाही, कारण संध्याकाळपर्यंत ती आजारी पडली होती. दिवसभर ऊन, वाटी कोरडी. ती या घंगाळाकडे आली. पण या खेपेला यात कण्हेर आहे. कण्हेर भिजलेलं पाणीसुद्धा काळजाचे ठोके बिघडवतं. हा हार कुठला?"

"स्वामीमलैचा," त्रिविक्रम पुटपुटला. "देवाचा प्रसाद म्हणून मींच भिजवलों. आणि घाईंत वाटी... भरायला विसरलों." चिन्नीला आपण मारलं, आणि वर एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. त्याला तोंड वर करवेना.

तसाच तो सुंदररावांच्या पाया पडायला गेला. त्यांनी पाय मागे घेतले.

"इथं नक्को. जिथं मला पापी म्हटलास, तिथं सांग."

गल्लीत दुकानापाशी माणसं उभी होती. घरमालकही होता. त्रिविक्रम त्यांच्या मधोमध उभा राहिला. त्याचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेला.

"चिन्नीला मीं मारलों. सुंदररावांनीं नव्हे. मीं!"