उष्टा दिवा

लाईट गेली तशी पोरं ओट्यावर सटवानानांभोवती सरकली. नानांनी तंबाखू मळून गालात धरली.

"ऐकीव न्हाई सांगत. आपल्या चौसाळ्यातल्या सत्यशीलाच्या घरचं हाय. गेल्या साली, दिव्याच्या अवसेचं."

सत्यशीलाची लेक संस्कृती सहा वर्षांची. लई दिवस तापानं फणफणत होती. आईनं डोंगरातल्या तळ्यावरच्या साती आसरांना, पाण्यातल्या देवींना, कणकेच्या सात गोड दिव्यांचा नवस बोलला. ताप उतरला, पण पोरगी काही जेवेना, काडीसारखी झालेली. नवस फेडला की तोंडाला चव येईल, ही आईची आशा.

अवसेला सकाळीच नवरा गहिनीनाथ, दीर रविराज आणि पोरीला घेऊन ती जीपनं निघाली. पाऊस उघडलेला, जंगल हिरवंगार. संस्कृतीनं मोराचं पीस वेचलं, तळ्यात खडे मारले. भाकरीला मात्र शिवली नाही.

आसरांच्या दगडापुढं नैवेद्याचा डबा उघडला तर एका दिव्याचा काठ दातानं तोडलेला. लाळेनं ओला. रविराज तोंड पुसत होता.

"दगडाला काय कळतंय, वहिनी?"

सत्यशीलानं डबा आपल्याकडं ओढला. पण सातवा दिवा आणायचा कुठून? नवस अपुरा कसा ठेवायचा? तिनं दिवे मांडले, चावलेली बाजू दिसू नये म्हणून दगडाकडं फिरवली, हात जोडले आणि रिवाजाप्रमाणं मागं न बघता निघाली.

तिन्हीसांजेला घरचे दिवे पुजताना वास आला. शेवाळाचा, मेलेल्या माशाचा. टोपल्यातली भाकरी उचलली तर बुळबुळीत. वर दात उमटलेले. तिनं ती गाईपुढं टाकली. गाईनं तोंड फिरवलं.

मध्यरात्री जाग आली. अंथरुणात पोरगी नव्हती. स्वयंपाकघरातून मचमच ऐकू येत होती.

संस्कृती अंधारात बसलेली. हातात घरच्या पूजेतला कणकेचा दिवा. एक घास खायची, मग हात कोपऱ्याकडं धरायची. कोपऱ्यात कुणी नव्हतं. हात परत यायचा तेव्हा दिवा आणखी लहान झालेला. काठावरून हिरवी लाळ ओघळायची. पोरगी ती चाटायची.

"कुणाला देती गं?"

"तिला. ती माझं खाती अन् मी तिचं."

कोपऱ्यात काहीतरी चावत होतं... सावकाश.

सत्यशीलाला उमगलं. देवीला उष्टं घातलं होतं. आता लेकीच्या तोंडात उष्टं येत होतं. तिनं दिवा हिसकून घेतला.

"पोरीला सोड, माये. चूक माझी. मी खाते."

तोंडात घातला. गार. चिखलाचा. एक लांब केस जिभेला गुंडाळला. ओठ घट्ट मिटले...

तिनं गिळला.

मचमच थांबली.

"आई," संस्कृती म्हणाली, "भूक लागली."

सकाळी सत्यशीलानं सोवळ्यात सात नवे दिवे उकडले. डबा कुणाच्या हाती दिला नाही. तळ्यावर जाऊन दगडापुढं सातही मांडले, रिकामा डबा झाकून मांडीवर घेतला. परतताना जीपमध्ये संस्कृतीनं अख्खी भाकरी खाल्ली. आईच्या डोळ्याला पाणी आलं.

घरी आल्यावर तिनं डबा घासायला घेतला. झाकण काढलं.

आत एक दिवा होता.

अर्धा. चावलेला काठ हिरव्या लाळेनं अजून ओला...

"मी खाते" म्हणाली होती ना, उरलेला अर्धा तिच्यासाठी ठेवलेला.