बटणावरचं प्लॅस्टिक

त्या शनिवारी बाबा गाडीतून उतरले ते हसतच. आरशाच्या वर, इमर्जन्सी कॉलच्या बटणाशेजारी लाल दिवा लागला होता. अपघातात मुख्य बॅटरी तुटली तरी मदतीचा फोन जावा, म्हणून आत एक छोटी बॅटरी असते. ती संपली होती.

"चल गॅरेजला. तिथला इलेक्ट्रिशियनही बघून घे. सरळ आहे, फक्त बोलतो कमी."

"बाबा, बॅटरी दाखवायची आहे की मुलगी?"

"एका फेरीत दोन्ही उरकतील."

"उद्या बघू," ती म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

रविवारी सकाळी ते एकटेच भाजी आणायला गेले. बाजाराबाहेर, उभ्या गाडीतच, त्यांचं हृदय थांबलं.

महिन्याभराने ती गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेली. बॅटरी मागवावी लागेल, इलेक्ट्रिशियन म्हणाला. मंगळवारी ती विचारायला गेली, तर बॅटरी आली नव्हती. शुक्रवारीही नाही. दर वेळी तो स्टूल फडक्याने पुसून पुढे करायचा, एवढंच. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटू लागलं.

आज तो गाडीत छताचं कव्हर उतरवत होता, काढलेले स्क्रू ओठांत धरून. शेजारच्या सीटवर बॅटरीचं खोकं होतं. तिने त्यावरची चिठ्ठी वाचली.

"हे गेल्या सोमवारी आलंय."

त्याने एकेक स्क्रू तळहातावर काढला. तीन होते, वेळ लागला.

"हो."

"म्हणजे मंगळवारी खोटं बोललात."

"मंगळवारी... आणि शुक्रवारी." त्याचे कान लाल झाले होते. "काम झालं असतं, तर तुम्ही परत आल्या नसतात."

तिला राग यायला हवा होता. तो येईना, तसा तिला स्वतःचाच संशय आला.

"मग एक तरी खरं सांगा. बाबांनी हे बटण दाबलं असेल आणि... फोनच गेला नसेल? मी उद्यावर ढकललं म्हणून?"

"मुख्य बॅटरी शाबूत होती. दाबलं असतं तर फोन गेला असता."

"हेही मला बरं वाटावं म्हणून?"

तो वाद घालत बसला नाही. टॉर्च वर धरून म्हणाला, "बोट फिरवून बघा."

बटणाच्या झाकणावर गाडी नवी असतानाचं पातळ प्लॅस्टिक तसंच होतं, चारही कडांनी घट्ट. बाबा कशावरचंच प्लॅस्टिक काढत नसत. टीव्हीचा रिमोट, चष्म्याची डबी, सगळं जन्मभर कोरं. हे झाकण कधी उघडलंच नव्हतं.

"हात वर न्यायलाही वेळ मिळाला नसेल काकांना," तो हळूच म्हणाला.

ती कितीतरी वेळ त्या कडांवरून बोट फिरवत राहिली. तो टॉर्च तसाच धरून राहिला.

नवी बॅटरी बसली. लाल दिवा हिरवा झाला. त्याने तपासणीचं यंत्र जोडलं.

"आता चालकाच्या सीटवर बसा. बीप वाजली की काहीही बोला. तेच परत ऐकू येतं... मोठ्याने."

"तुम्ही बाहेर थांबाल?"

"माइक नीट चालतो का, ते मलाच ऐकावं लागतं."

"की ही पण—"

"नाही. आता थापा बंद."

सीट बाबांच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. तिने ती आजही पुढे घेतली नाही. बीप वाजली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशीच उठायला हवं होतं मी... आलेय आता. आणि सरळबिरळ काही नाही हो हा. पण मला आवडलाय."