रांजणाला ऐकू आलं

"गाणं थांबलं की दोर ओढायचा, कळलं ना?" तेकलेनं तिसऱ्यांदा बजावलं.

"गातेयस की बेडूक ओरडतोय, ते कळलं तर ओढू!" जिमशेर म्हणाला.

द्राक्षतोडणीसाठी मठातली शाळा सुटली होती. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला, दोन पुरुष खोल रांजण नव्या रसासाठी घासायचा होता. त्याच्या अरुंद तोंडातून मावणारी एकटी तेकलेच. ती खाली उतरली. चेरीच्या सालीचा घासणा फिरू लागला, आणि गाणंही.

वेली गं वेली, घोस तुझा काळा,
भुईच्या पोटात झोपला उन्हाळा...

वर ओतिया आणि जिमशेर खालचे दोन सूर धरून होते. अचानक तिचा सूर तुटला!

दोघांनी दोर खेचला. तेकले पांढरीफटक पडली होती.

"गुदमरलीस?"

"नाही रे! टापा! मातीतून टापा ऐकू येतायत. खूप घोडे, नदीकडून!"

ओतियानं रांजणात डोकं घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्याचं हसू पुसलं गेलं होतं.

तिघं ओसरीकडे धावली. तिथे पंगत रंगली होती. सकाळी आलेल्या पाहुण्यानं बातमीच तशी आणली होती: राजानं इराणच्या शहाशी तह केला! शहा आणि तुर्कांचा सुलतान, या जात्याच्या दोन पाळ्यांत वर्षानुवर्षं भरडलेलं गाव आज पहारा सोडून शिंगांचे प्याले भरभरून दारू पीत होतं.

"शेरमादिन आजोबा, फौज येतेय! घंटा वाजवा, सगळ्यांना रानात न्या!"

"नदीवर चिटपाखरू नाही, पोरी," काळी घोंगडी पांघरलेला पाहुणा हसला.

"पाहुणा देवानं धाडलेला असतो!" गावचे म्होरके शेरमादिन आजोबा गरजले. "त्याला खोटं पाडता? निघा इथून!"

पण तेकलेची नजर घोंगडीवर खिळली होती. तिचं एक टोक ताजं कापलेलं होतं.

तिघं घंटाघरात चढली. घंटेच्या लोलकाला काळ्या घोंगडीचा तुकडा घट्ट गुंडाळलेला!

"वाजलीच नसती!" जिमशेर पुटपुटला.

"तुम्ही सोडवा. मी पाहुण्याच्या घोड्याकडे जातो," म्हणत ओतिया खाली पळाला.

द्राक्षं तोडायच्या कोयत्यानं जिमशेर गाठी कापू लागला. तेकले त्या ओढत होती. नदीकडे धूळ उठली. कोयता सटकला, तेकलेचं बोट कापलं.

"थांबू नकोस!" ती ओरडली.

ठण्! ठण्! ठण्!

पंगत उधळली. बायांनी तान्ही मुलं उचलली. पाहुणा ओसरीवरून उडी टाकून अंगणात आला.

"माझा घोडा? घोडा कुठाय?"

"रानात, ओढ्यावर पाणी पितोय," ओतिया मान लववून म्हणाला. "पाहुण्याच्या घोड्याची बडदास्त नको का ठेवायला?"

घंटाघरातून धावत आलेल्या तेकलेनं काळा तुकडा आजोबांपुढे धरला. आजोबांनी तो पाहिला, मग पाहुण्याची पावलं पाहिली.

"ओसरीवर होतास तोवर तू पाहुणा, तुला हात लावता आला नसता," ते हळू म्हणाले. "अंगणात तुझ्या पायानं आलास. तहाची थाप मारून पहारा सोडायला लावलास! बांधा रे याला!"

स्वार पोचले तेव्हा चुली गरम होत्या आणि घरं रिकामी. रानातून गावकऱ्यांना धूर दिसला. आजोबांनी माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. त्यांनी झऱ्याच्या पाण्यानं शिंग भरलं आणि आधी तेकलेपुढे धरलं.

"पाहुण्याचं ऐकलं, तुमचं नाही ऐकलं. चुकलो, बाळांनो! आज गाव तुमच्यामुळे आहे."

फौज गेल्यावर सगळे परतले. छपरं जळाली होती. भुईतला रांजण मात्र शाबूत होता. बोटाला चिंधी बांधून तेकले आत उतरली. या वेळी दोर आजोबांनी धरला, खालचा सूरही.

"गाणं थांबलं की ओढायचा, कळलं ना?"

"कळलं गं बाई," आजोबा म्हणाले, "आता नीट कळलं!"